सोलिंगेन ५/८ वस्तरा: टाचेकडे धार बसत नाही, हनुवटीवर ओढतो

पोलादी_पातं

मंडळी, वस्तरा जुना, जर्मनीतल्या सोलिंगेनचा आहे. ५/८ (पात्याची रुंदी, इंचात), फुल हॉलो (दोन्ही बाजूंनी खोलगट घासून कडेकडे पातळ केलेलं पातं), कार्बन पोलाद. व्हर्निअरने घेतलेली मापं: मधोमध पात्याची रुंदी १५.४ मिमी, पाठीची जाडी ४.३ मिमी. टाचेकडे, म्हणजे मुठीकडच्या बाजूला, रुंदी १५.० आणि पाठ ३.९. म्हणजे टाचेकडची पाठ आधीच्या कुणीतरी जास्त खाल्ली आहे.

दगड दोन. किंगचा १०००/६००० जोडदगड आणि नानिवा सुपर स्टोन १२००० (आकडा जितका मोठा तितका दगडाचा कण बारीक). पट्ट्याला एका बाजूने चामडं, दुसऱ्या बाजूने कॅनव्हास. पाठीला टेप लावलेली नाही.

क्रम असा होता: १००० वर ४० फेरे, ६००० वर ५०, १२००० वर ४०, मग कॅनव्हासवर २० आणि चामड्यावर ५०. फेरा म्हणजे जाऊन-येऊन, दोन्ही बाजू एकेकदा.

पुढच्या दोन-तृतीयांश भागाने मनगटावरचे केस कापले जातात, शेवटच्या इंचाने नाही. गालावर ठीक चालतो, हनुवटीवर आणि ओठाखाली ओढतो. १०x भिंगाखाली कुठे टवका दिसत नाही.

१२००० वरचे फेरे वाढवू की परत १००० वर जाऊ? टेप लावावी का? आणि शेवटचा हात नैसर्गिक दगडावर दिल्याने खरंच फरक पडतो का?

निसणा

१२००० वर आणखी घासून काही हाती लागणार नाही. हे दुखणं १००० वरचं आहे.

थोडं गणित मांडतो. रुंदी १५.४ आणि पाठ ४.३ म्हणजे तुमचा कोन साधारण १६ अंशांचा. समजा धारेच्या कडेवर अजून ४ मायक्रॉन रुंदीची सपाटी उरली आहे. ती जायला बेव्हलच्या (कडेलगतच्या तिरक्या घासलेल्या पट्टीच्या) दोन्ही तोंडांवरून पूर्ण रुंदीभर २-२ मायक्रॉन पोलाद उतरावं लागतं, शिवाय पाठीचा जो भाग दगडाला टेकतो तोही त्यासोबत झिजतो. १००० च्या दगडाचा कण १४-१५ मायक्रॉनचा, तो हे काम काही मिनिटांत करतो. १२००० चा कण जेमतेम एक मायक्रॉनचा. तो ओरखडे पुसतो, आकार घडवत नाही. त्यामुळे बेव्हल चकचकीत होतो, भिंगाखाली देखणा दिसतो, आणि कड मात्र जिथल्या तिथे बोथट राहते.

दगड ओला करण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, दिव्याखाली. वस्तऱ्याची धार वर करून डोळ्यांसमोर धरा, मागे एकच उघडा बल्ब असू द्या, आणि पातं हळूहळू कलतं करत जा. धार बसली असेल तर कडेवर काहीही दिसत नाही. जिथे चमकता ठिपका किंवा बारीक पांढरी रेघ दिसेल तिथे दोन्ही बेव्हल अजून एकमेकांना भेटलेले नाहीत. ट्यूबलाइटखाली हे नीट दिसत नाही, उजेड एका बिंदूतून यायला हवा.

दुसरी, मार्करने. पर्मनंट मार्करची शाई दोन्ही बेव्हलवर टाचेपासून टोकापर्यंत लावा. १२००० च्या दगडावर अजिबात जोर न देता दोनच फेरे घ्या आणि शाई कुठे उरली ते बघा. यासाठी १००० चा दगड नको. तो इतक्या झपाट्याने शाई काढतो की नेमका स्पर्श कळत नाही.

तिसरी गोष्ट दगडाची. किंगचा १००० मऊ असतो आणि मध्ये लवकर खोलगट होतो. कमीत कमी ८ मिमी जाडीच्या काचेवर २२० चा वॉटर पेपर पाण्याने चिकटवा, दगडावर पेन्सिलने चौकड्या आखा आणि सगळ्या रेघा एकसारख्या जाईपर्यंत घासा. नंतर दगडाच्या चारही कडा तिरक्या मारून घ्या, उभी तीक्ष्ण कड पात्याला टवका पाडते. ६००० ची बाजूही अशीच करा, पण आधी पेपर धुवा. १००० चा एखादा कण ६००० वर राहिला तर सगळी मेहनत वाया. पाण्याचं म्हणाल तर किंग पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवायचा. नानिवा सुपर स्टोनवर फक्त पाणी शिंपडायचं. तो बुडवून ठेवला तर मऊ पडतो आणि सुकताना तडकू शकतो.

शाई कुठे उरली ते कळवा. टाचेजवळ, जिथे पातं संपून शँक (पात्यामागची मुठीकडे जाणारी दांडी) सुरू होते, तिथल्या जाड भागावर, म्हणजे स्टॅबिलायझरवर, दगडाचे ओरखडे आहेत का तेही सांगा.

हळूहात

निसणा यांच्याशी सहमत. दाबाबद्दल दोन शब्द घालतो, कारण फुल हॉलोमध्ये अर्धी गडबड तिथेच होते.

फुल हॉलो पातं कडेजवळ इतकं पातळ असतं की अंगठ्याच्या नखावर टेकवून हलकं दाबलं तर लवताना दिसतं. दगडावर जोर दिलात की तेच होतं. कड वर उचलली जाते आणि बेव्हलचा मागचा भाग घासला जातो. तुम्हाला वाटतं जोर लावला म्हणजे काम लवकर होईल, प्रत्यक्षात दगड कडेपर्यंत पोचतच नाही.

किती दाब हे शब्दांत सांगणं कठीण, म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. त्यावर दगड ठेवून काटा शून्यावर आणा आणि फेरे मारा. १००० वर १५०-२०० ग्रॅमच्या वर जाऊ नका. ६००० वर १०० च्या आत. १२००० वरचे शेवटचे वीस फेरे वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनावर, बोटांनी फक्त दिशा द्यायची. शँक अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरा, मूठ पात्याच्या सरळ रेषेत राहू द्या. मूठ खाली लोंबली की टाच दाबली जाते. तुमची ३.९ ची पाठ त्याच सवयीची साक्ष देते.

पोलादी_पातं

मार्कर लावून पाहिला. ज्या बाजूला कंपनीचा ठसा आहे त्या बाजूला टाचेकडच्या १२ मिमीवर शाई जशीच्या तशी उरली. दुसऱ्या बाजूची सगळी गेली. आणि हो, ठशाच्या बाजूच्या स्टॅबिलायझरवर आडवे ओरखडे स्पष्ट दिसतात. दिव्याखाली त्याच १२ मिमीत पांढरी रेघ आहे. शिवाय मध्ये एक ठिपका, साधारण टोकापासून २० मिमीवर.

निसणा

मग निदान झालं. ठशाच्या बाजूने पातं तीन जागी टेकतंय: पाठ, कड आणि स्टॅबिलायझर. स्टॅबिलायझर दगडावर चढला की टाचेकडची कड हवेत उचलली जाते. कारण उघड आहे. वर्षानुवर्षं धार लावून पातं अरुंद होत गेलं, कड स्टॅबिलायझरच्या जवळ सरकली, आणि टाचेचा मूळचा गोलवा जाऊन तिथे चौकोनी कोपरा तयार झाला. कारखान्यातून निघालेल्या वस्तऱ्याची टाच स्टॅबिलायझरपासून चांगली पुढे आणि गोल असते.

आता दोन वाटा आहेत.

सोपी वाट अशी की स्टॅबिलायझर दगडावर येऊच द्यायचा नाही. पातं दगडावर आडवं न ठेवता ४५ अंशांत तिरकं धरा, टाच पुढे, टोक मागे. हात सुरू करताना स्टॅबिलायझर दगडाच्या कडेबाहेर राहील असं धरा. तिथून एक्स आकारात ओढत न्या, म्हणजे हात टाचेपासून सुरू होऊन टोकाशी संपतो. काम भागतं, पण प्रत्येक वेळी हे भान ठेवावं लागतं आणि टाचेचा चौकोनी कोपरा गालावर रुतण्याची भीती कायम राहते.

पक्की वाट म्हणजे टाच दुरुस्त करणं. यासाठी ४०० ची डायमंड प्लेट लागेल. ती नसेल तर काचेवर ४०० चा वॉटर पेपर चालतो, फक्त वेळ जास्त जातो.

आधी पात्याच्या उरलेल्या धारेवर मास्किंग टेपचे दोन थर चढवा. हे बोटांसाठी. मार्करने टाचेच्या कोपऱ्यावर एक कमान आखा: कडेवर, कोपऱ्यापासून ८ मिमी पुढे सुरू होऊन टाचेच्या मागच्या बाजूला २ मिमी वर संपणारी. आता पातं प्लेटवर उभं धरा, म्हणजे पाठ आकाशाकडे, आणि फक्त तो कोपरा टेकवून, पातं हलकं झुलवत, स्वतःकडे ओढा. ओढायचंच, ढकलायचं नाही. दहा-दहा हातांनी थांबून आखलेल्या कमानीशी ताडून बघा. एकाच कोनात घासलंत तर गोलव्याऐवजी तिरकी कापलेली टाच मिळेल, म्हणून झुलवणं महत्त्वाचं. स्टॅबिलायझर आणि कडेची सुरुवात यांच्यात स्वच्छ ३ मिमी अंतर पडलं की थांबा. प्लेटवर पाणी सतत असू द्या.

हे काम ग्राइंडरवर मात्र अजिबात करू नका, आणि सायकलच्या चाकावर धार लावून देणाऱ्यालाही देऊ नका. वस्तऱ्याच्या पोलादाला पाणी देऊन झाल्यावर ते साधारण दोनशे अंशांच्या आसपास नरम केलेलं असतं. कडेसारख्या पातळ भागाला चाकावर तीनशे अंश गाठायला एक-दोन सेकंद पुरतात. निळा डाग उमटला की त्या जागेचा कडकपणा गेला. तिथली धार नंतर कुठल्याच दगडावर टिकत नाही, तेवढा भाग घासून टाकणं हाच इलाज.

टाच गोल झाली की त्या गोलव्यावर बेव्हलच नसेल, तिथे जाड कड असेल. १००० वर आता फेरे मोजू नका. ठशाच्या बाजूने २० छोटे हात, पुढे-मागे, मग दुसऱ्या बाजूने २०. दगडाची अर्धीच रुंदी वापरा आणि टाचेशी आलात की मनगट किंचित उचलून गोलव्यावरून फिरवा. असे चार-पाच संच झाले की दिवा आणि मार्कर. पांढरी रेघ पूर्ण गेली, मध्ये तुम्ही म्हणता तो ठिपकाही गेला, मगच पुढे जा. १००० वरूनच मनगटाचे केस टाचेपासून टोकापर्यंत सारखे कापले गेले पाहिजेत, थोडे खरखरीत का होईना. पिकलेल्या टोमॅटोची सालही चांगली परीक्षा घेते. वजनाशिवाय ठेवलेलं पातं साल घसरून न जाता पकडतं का ते बघायचं, आणि तेही तीन जागी: टाच, मध्य, टोक.

आणखी एक. छोटे हात मारताना एका बाजूला बर (कडेवर वळलेली पोलादाची बारीक किनार) चढते. ती मोठी होऊ देऊ नका. बोटाला जाणवेल इतकी बर म्हणजे पोलाद फुकट घालवणं. संच संपले की १५ हलके एक्स फेरे, आलटूनपालटून, म्हणजे ती निघून जाते.

१००० वरून एकदम ६००० ही उडी मोठी आहे. ३००० चा दगड मध्ये असता तर बरं, नसेल तर ६००० वर ७०-८० फेरे धरून चाला. खूण ही की १००० चे तिरके ओरखडे भिंगाखाली एकही दिसता कामा नये, विशेषतः कडेला भिडणारे. ६००० वर हात विरुद्ध तिरकसाने चालवलात तर जुने आणि नवे ओरखडे वेगळे ओळखू येतात.

काठावरचा

टेपचा प्रश्न राहिला. माझं मत लावा असं आहे, निदान या वस्तऱ्याला.

विजेच्या कामाची पीव्हीसी टेप साधारण ०.१५ मिमी जाड. दोन्ही बाजू धरून पाठ ०.३ ने वाढते, तुमच्या मापावर कोन १६ वरून १७ च्या थोडा वर जातो. टाचेकडे पाठ झिजल्यामुळे आत्ता कोन १५ च्या खाली गेला आहे, तिथेही तो १६ वर येतो. जुन्या पोलादाला १५ च्या खाली कड चुरा होऊन सुटते, १९ च्या वर गेला की ओढायला लागतो. शिवाय पाठ आणखी झिजत नाही.

फक्त नियम पाळा. बेव्हल टेपवर बसवला असेल तर शेवटच्या दगडापर्यंत टेप हवीच. मध्येच काढलीत तर पुढचा दगड बेव्हलच्या मागच्या भागाला लागतो, कडेला लागतच नाही, आणि तासभर घासूनही फरक पडत नाही. प्रत्येक दगड बदलताना टेप नवी. तिच्यावर भोक दिसेपर्यंत वाट पाहू नका.

हळूहात

@काठावरचा, टाच दुरुस्त करायच्या आधीच टेप लावायला सांगितलीत तर स्टॅबिलायझरचा अडथळा झाकला जातो, जात नाही. पाठ उचलली की स्टॅबिलायझर थोडा सुटतो, धार बसल्यासारखी वाटते. दोन-चार वेळा धार लावून कड आणखी मागे आली की तेच दुखणं परत.

आणि टेप मऊ असते. जरासा दाब दिला की दबते, कोन हातागणिक बदलतो. मला विचाराल तर टाच गोल करावी, बेव्हल टेपशिवाय बसवावा आणि फक्त १२००० वर एक थर लावून शेवटचे १०-१२ फेरे घ्यावेत. कडेवर एक सूक्ष्म बेव्हल पडतो, १६ ऐवजी १७ अंशांचा. अर्धवट चुरणारी जुनी कड त्याने सावरते आणि पुढच्या वेळी टेपशिवाय ६००० वर तो सहज निघतो.

काठावरचा

टाच आधी, यात वाद नाही. पण ४.३ ची पाठ दर सहा महिन्यांनी दगडावर घासायची हे मला पटत नाही. अरुंद वस्तऱ्याला पाठ हेच भांडवल आहे. ज्याचा त्याचा हिशोब.

गारनेट

नैसर्गिक दगडाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. १२००० असताना त्याची *गरज* नाही. पण हनुवटी संवेदनशील असेल तर बेल्जियमच्या आर्देनमधला कोटिक्यूल वेगळी धार देतो. त्यात अभ्रकाच्या जातीच्या मऊ थरात गारनेटचे स्फटिक असतात, साधारण ५ ते १५ मायक्रॉनचे. आकडा मोठा वाटेल, पण स्फटिक गोलसर, बहुतोंडी असल्यामुळे ओरखडा उथळ पडतो. कृत्रिम १२००० ची धार जास्त तीक्ष्ण, कोटिक्यूलची त्वचेला सौम्य. दोन्ही एकाच वेळी मिळत नाही हे मान्य करून निवडायचं. हे दगड पातळ थरांत निघतात म्हणून बहुतेकांना खाली स्लेटचा आधार चिकटवलेला असतो. खाली निळसर दगड निसर्गतःच जोडलेला असेल तर तो जोड म्हणून विकतात.

वापर असा. १००० वर बेव्हल पक्का झाल्यावरच. कोटिक्यूलवर थोडं पाणी आणि त्याच जातीचा छोटा दगड घासून दुधाइतकी दाट स्लरी करा. २०-३० छोटे हात प्रत्येक बाजूने, मग बोटाने दोन थेंब पाणी, पुन्हा तेवढेच हात. असं दहा-पंधरा वेळा पातळ करत न्या, शेवटी दगडावर नुसतं स्वच्छ पाणी उरेल. त्यावर ५० अगदी हलके एक्स फेरे. दाट स्लरीत कणच कडेला आदळून तिला किंचित बोथट करतात, म्हणून घाईघाईने पाणी ओतून पायऱ्या गाळल्या तर धार अर्ध्यावर अडकते. पातळ करताना ठरावीक टप्प्याला पाणी कडेपुढे लाटेसारखं चढून पात्यावर यायला लागतं. ती चांगली खूण.

एक कोटिक्यूल दुसऱ्यासारखा नसतो. ही कटकट नको असेल तर १२००० वरच थांबा, पैसे वाचतील.

पोलादी_पातं

टाच गोल झाली, हळूहात यांच्या पद्धतीने शेवटी १२००० वर टेपचा एक थर. दिव्याखाली कड पूर्ण काळी, पांढरं काही नाही. केस टाचेपासून टोकापर्यंत त्वचेपासून ५ मिमी वर कापले जातात. हनुवटीवर ओढत नाही, पण दाढीनंतर आग होते, जणू खरवडल्यासारखी. १२००० वर टेपशिवाय ६० फेरे झाले होते, टेप लावून १२. पट्ट्यावर हिरवी पेस्ट लावावी का?

पट्टेवाला

आग होते आणि केस मात्र सहज कापतो, म्हणजे कडेवर तारेसारखी पातळ झालर उभी राहिली असण्याची दाट शक्यता. शेवटच्या दगडावर फेरे वाढले की हे होतं. ती केस कापते, पहिल्या काही हातांत वाकते, मग त्वचा खरवडते. पेस्टच्या आधी हे करा: १२००० च्या दगडाच्या कडेवरून, जी तुम्ही तिरकी मारली आहे, पात्याची धार फक्त स्वतःच्या वजनाने एकदा ओढा, कांदा कापल्यासारखी, अगदी हलकी. झालर निघून जाते. मग टेप तशीच ठेवून १२००० वर ८ ते १० फेरे, बस.

आता पट्टा. कॅनव्हासवर २०-३०, चामड्यावर ५०-६०. पट्टा ताठ हवा पण ओढून तारेसारखा नको. सैल पट्ट्यात पातं बुडतं आणि कड गोल होते. पाठ पुढे, धार मागे. वळताना पाठीवरच वळवा, पाठ चामड्यावरून क्षणभरही उठता कामा नये. हात संपण्याआधी वळवलं की पट्ट्यावर काप पडतो. बारीक काप ४०० च्या वॉटर पेपरने कोरड्याने घासून बसवता येतो. मोठा, पापुद्रा निघालेला काप असेल तर तो पापुद्रा डिंकाने चिकटवून मग घासा, नाहीतर दर फेऱ्याला तो कडेला अडतो.

हिरवी पेस्ट रोजच्या पट्ट्यावर लावू नका. एकदा लागली की चामड्यातून जात नाही. वेगळ्या डेनिमच्या पट्टीवर किंवा बाल्सा लाकडावर अर्ध्या मायक्रॉनचं क्रोमियम ऑक्साइड, बोटाने पुसट, लिपस्टिकसारखं जाड नको. त्यावर ५ ते १० फेरे. रोज दाढी करणाऱ्याला दोन-तीन महिन्यांनी एवढं पुरतं, दगड काढावाच लागत नाही. पेस्टवर पेस्ट करत वर्ष काढलं तर मात्र कड फुगीर होते आणि शेवटी ६००० वर यावंच लागतं. बफिंगवाल्यांकडे मिळणारा हिरवा साबण घेऊ नका. त्यात बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बरेच मोठे कण मिसळलेले असतात. पितळेच्या नळाला ठीक, वस्तऱ्याला नाही.

नव्या पट्ट्याला तेल पाजायची घाई नको. स्वच्छ तळव्याने रोज वीस-तीस वेळा घासला की पुरे, हाताचा ओशटपणाच त्याला लागतो.

(सलूनमध्ये आता अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा असतो, त्याला दगडही नको आणि पट्टाही नको. आरोग्याच्या दृष्टीने तेच बरोबर. पण त्यामुळे धोकटीतला पट्टा कसा वापरतात हे बघायला मिळणं जवळजवळ बंद झालंय, म्हणून इतकं सविस्तर.)

कोकणातला

पावसाळा तोंडावर आहे, म्हणून गंजाबद्दल. कार्बन पोलादाच्या कडेवर गंज डोळ्यांना दिसण्याआधीच धार जाते. बोअरचं पाणी जड असेल तर वाळल्यावर मागे राहणारे क्षार ओल धरून ठेवतात, म्हणून दाढीनंतर शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुवा. टिश्यू पेपरने पाठीकडून कडेकडे पुसा, मुठीच्या आतून कागदाची पट्टी ओढून घ्या, मग कॅनव्हासवर १०-१५ फेरे. ते धारेसाठी नव्हे, ओल काढण्यासाठी.

तेल कोणतं? खोबरेल नको. थंडीत गोठतं, काही आठवड्यांनी चिकट होतं आणि खवट वास मारतो. मोहरीचंही चिकट आणि खवट होतं. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन किंवा शिलाई मशीनचं तेल, एक थेंब कापडावर घेऊन फिरवायचा. ठेवायचं बाथरूमच्या बाहेर, बंद डब्यात, सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसोबत. चामड्याचा पट्टा मात्र डब्यात कोंबू नका, बुरशी येते. हवेशीर भिंतीवर टांगा, बुरशी आलीच तर कोरड्या फडक्याने पुसून दोन दिवस पंख्याखाली, उन्हात नाही.

तुमची मूठ कशाची आहे? अर्धपारदर्शक, कासवाच्या पाठीसारखी दिसणारी असेल आणि पात्यावर नेमका मुठीत झाकला जाणारा भागच गंजत असेल, तर ती जुनी सेल्युलॉइड असू शकते. ती कुजायला लागली की नायट्रोजनच्या ऑक्साइडची वाफ सोडते, ओलाव्यात त्याचं नायट्रिक आम्ल होतं. मग कितीही तेल लावा, आठवड्यात गंज परत. अशी मूठ काढून टाकणं हाच उपाय. ओळखायला काडी पेटवून लावू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं.

पोलादी_पातं

मूठ काळी, बहुधा शिंगाची. गंज नाही. झालर काढल्यावर आग थांबली, ओठाखालीही साफ जातं. एक उरलं: पातं मिटताना मुठीच्या डाव्या बाजूला घासतं, आणि शँकजवळची रिव्हेट सैल आहे.

निसणा

ते लगेच करा, नाहीतर नवी कड मिटतानाच मुठीवर आपटेल. तोपर्यंत दोन्ही बाजूंच्या मुठीच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा.

रिव्हेट पितळेची, साधारण १.६ मिमी. पात्यावर टेपचे दोन थर गुंडाळा. खालचं डोकं पोलादाच्या गुळगुळीत तुकड्यावर टेकवा आणि वरच्या डोक्यावर गोल तोंडाच्या छोट्या हातोडीने, नुसत्या मनगटाच्या वजनाने, डोक्याच्या कडेकडेने पाच-सहा टिचक्या. मग बाजू उलटा, पुन्हा पाच-सहा. दर वेळी पातं उघडून-मिटून बघा. आडवं धरल्यावर पातं आपल्या वजनाने पडायला नको, बोटाने मात्र विनाअडथळा उघडायला हवं. शिंगाची मूठ वाळकी असेल तर एका जोरदार ठोक्यात रिव्हेटच्या भोकापासून चिरते, म्हणून आधी रात्रभर लिक्विड पॅराफिनचा हात देऊन ठेवा.

एवढं करूनही डावीकडेच घासत असेल तर रिव्हेट वाकलेली आहे. ठोकून ती सरळ होत नाही. डोकं कानसून काढा आणि त्याच मापाची पितळी सळई नव्या वॉशरसह घाला.